वासराला पाजणाऱ्या गाईची कास: काय पाहाल, काय कराल

खिलार, देवणी, लाल कंधारी, डांगी, गवळाऊ अशा गाई सांभाळणाऱ्या वाचकांकडून कासेबद्दल ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ‘गाय काल व्यायली, कास टम्म झालीय, ही दगडी म्हणायची का?’ ‘एका सडातून पाण्यासारखं येतंय, वासराला पिऊ द्यावं का?’ ‘मागचा एक सड कायमचा गेला, आता ही गाय ठेवावी का?’ काससुजीवर, म्हणजे दगडीवर, लिहिलेली माहितीपत्रकं बहुतेकांनी वाचलेली असतात, तरीही गोंधळ कायम राहतो. कारण ती माहिती डेअरीला दूध घालणाऱ्या संकरित गाईंसाठी लिहिलेली असते. तुमच्या गोठ्यातली गाय खोंडासाठी किंवा कालवडीसाठी पाळलेली आहे. तिचं जवळजवळ सगळं दूध वासरू पितं, घरात आलंच तर चहापुरतं येतं.

हा फरक मोठा आहे. डेअरीच्या गाईच्या कासेला दिवसातून दोनदा माणसाचा हात लागतो, त्यामुळे पहिल्या धारेत गुठळी आली की मालकाला तेव्हाच कळतं. वासराला सोडलेल्या गाईच्या कासेला महिनोन् महिने कुणी हात लावत नाही. तिचा आजार लक्षात येतो तेव्हा कप्पा दगडासारखा झालेला असतो आणि वासराची बरगडी दिसू लागलेली असते. दगडी झालेला सड वाचवण्याची खरी संधी पहिल्या एक-दोन दिवसांतच असते. म्हणून पिळत नसाल तरी कास रोज पाहा आणि आठवड्यातून एकदा तरी तिला हात लावा. पुढचं सगळं या सवयीवर अवलंबून आहे.

वासराकडे पाहिलं की कास कळते

रोजच्या पाहणीला पाच मिनिटंही लागत नाहीत. सकाळी वासरू पिऊन झालं की गाईच्या मागे आणि दोन्ही बाजूंना उभे राहून पाहा.

वासरू ज्या सडाला पितं तो सड ओला, स्वच्छ आणि तुकतुकीत दिसतो. ज्याला तोंड लावत नाही तो कोरडा, धुळीने माखलेला किंवा शेणाचे कण चिकटलेला असतो. चार सडांपैकी एकच सड मळकट दिसला, तर त्या बाजूला काहीतरी बिघडलेलं आहे असं समजा. एकतर वासराला तो सड तोंडात धरता येत नाही, नाहीतर तोंड लावताच गाईला दुखतं म्हणून ती त्याला हाकलते, किंवा त्या सडातलं दूध चवीला खारट झालेलं असतं.

आणखी काही खुणा:

- पोट भरलेलं वासरू पिऊन झाल्यावर आडवं होतं. उपाशी वासरू एका सडावरून दुसऱ्यावर जातं, कासेला जोरजोरात ढुशा देतं आणि त्याची कूस खोल गेलेली दिसते.
- एरवी शांत असलेली गाय वासराला लाथ मारते, किंवा वासरू एका बाजूने आलं की वळून उभी राहते.
- चालताना मागचे पाय फाकवते, चरायला निघाल्यावर कळपाच्या मागे राहते.
- मागून पाहिलं तर कास एका बाजूला जड दिसते.

रवंथ थांबला असेल आणि सोबत यातली एखादी खूण असेल, तर संध्याकाळची वाट न पाहता गाय बांधून तपासा.

खिलार गाय अंगाला हात लावू देत नाही ही खरी अडचण आहे. अनोळखी माणसाला तर ती उभंही करत नाही. कालवड गाभण असतानाच खरारा करताना मांडीवरून कासेकडे हात नेण्याची सवय लावली, तर पहिल्या वेताला त्रास कमी होतो. सवय नसेल तर गाय भिंतीकडेला बांधा, समोर खुराक ठेवा, आणि दुसऱ्या माणसाला तिचं शेपूट बुंध्याशी धरून सरळ वर उचलून धरायला सांगा. असं केलं की बहुतेक गाई लाथ मारत नाहीत. शेपूट पिळू नका, आणि एकट्याने कासेखाली बसू नका.

विण्याच्या दिवशी चारही सड चालू आहेत ना?

गाय व्यायली की कास आणि सड कोमट पाण्याने धुवा, स्वच्छ फडक्याने कोरडे करा आणि प्रत्येक सडाची एक-दोन धार काढा. सडाच्या तोंडाशी चिकट बूच असतं, ते यामुळे निघून जातं आणि चारही सड चालू आहेत का हे तेव्हाच कळतं. पहिलारू गाईचा एखादा सड आंधळा निघण्याचं प्रमाण बरंच आहे. लहानपणी कालवडी एकमेकींचे सड चोखतात, त्यातून संसर्ग होऊन कप्पा विण्याआधीच निकामी होतो. गोठ्यात एखादं वासरू दुसऱ्याला चोखताना दिसलं, तर त्याला वेगळं बांधा किंवा मुसकं घाला.

वासराने पहिल्या दोन तासांत चीक प्यायलाच पाहिजे. चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं आतड्यातून रक्तात जाण्याची क्षमता दर तासाला घटत जाते आणि साधारण २४ तासांत संपते. पहिल्या दिवसभरात वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पोटात जायला हवा. २२ किलोच्या वासराला म्हणजे सव्वादोन लिटरच्या आसपास, आणि त्यातला निम्मा पहिल्या सहा तासांत. ‘वार पडल्याशिवाय पाजायचं नाही’ हा समज अजूनही अनेक गावांत आहे. तो सोडून द्या. त्याने वासरं दगावतात. उलट वासरू पिऊ लागलं की वार पडायलाही मदत होते.

तीन-चार वेतं झालेल्या गाईत एक अडचण हमखास येते. सड जाड, लांब, फुगलेले असतात आणि कास खाली लोंबलेली असते. नुकतं जन्मलेलं वासरू वर, जांघेच्या दिशेने सड शोधतं, आणि सड तर त्याच्या गुडघ्याच्या पातळीवर असतो. सापडला तरी तो तोंडात मावत नाही. गाय निरोगी, दूध भरपूर आणि वासरू उपाशी अशी स्थिती होते. अशा वेळी जाड सड थोडे पिळून सैल करा, वासराचं तोंड हाताने सडाला लावा आणि दिवसातून चार-पाच वेळा हे करा. वासरू दोन-चार दिवसांत शिकतं. तोपर्यंत ज्या सडांना ते तोंड लावत नाही ते रोज रिकामे करत राहा, नाहीतर साचलेल्या दुधातून दगडी होते.

सूज: साधी कोणती, दगडी कोणती

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. पहिलारू गाईची कास विण्याच्या आधी काही दिवस आणि नंतर आठवडाभर सुजलेली असणं सामान्य आहे. ही सूज चारही बाजूंना सारखी असते, कधी बेंबीपर्यंत पुढे येते. बोटाने दाबलं तर मळलेल्या कणकेत उमटावा तसा खळगा उमटतो आणि थोडा वेळ राहतो. कास फारशी गरम नसते, गाय खाते-पिते, चीक घट्ट पिवळा आणि एकसारखा असतो. याला औषध लागत नाही. गाय रोज थोडी फिरवा, वासराला वरचेवर पिऊ द्या आणि मीठ, खुराक बेताने द्या. आठ-दहा दिवसांत सूज ओसरते. दूध गुलाबीसर दिसलं तरी लगेच घाबरू नका. ताणामुळे बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि बहुधा काही दिवसांत रंग जातो. रंग गडद होत गेला किंवा गुठळ्या येऊ लागल्या, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

दगडीची सूज बहुधा एका कप्प्यात सुरू होते. कासेचे चारही कप्पे आतून वेगळे असतात. म्हणून एका कप्प्याला हात लावला की शेजारच्याच्या तुलनेत तो गरम आणि कडक लागतो, आणि हात लावताच गाय अंग चोरते. त्या सडाची धार काळ्या फडक्यावर किंवा काळ्या फरशीच्या तुकड्यावर काढा. पांढऱ्या कठड्या, दोऱ्यासारखे धागे, पू, रक्त किंवा पिवळसर पाणी दिसलं तर शंका उरत नाही. चारही सडांच्या धारा शेजारी शेजारी काढून पाहा. फरक नजरेला लगेच पकडता येतो.

यानंतर ताप मोजा. घरात जनावरांसाठी एक वेगळा डिजिटल थर्मामीटर ठेवा, त्याला फार पैसे पडत नाहीत. गुदद्वारात थोडा तिरका धरून आतल्या कातडीला टेकवा. गाईचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. सकाळी, सावलीत मोजलेलं तापमान १०३ च्या वर असेल तर तो ताप आहे.

पुढील खुणा दिसल्या तर वेळ काढू नका, त्याच तासाला डॉक्टरांना बोलवा:

- कप्प्याची कातडी निळसर-काळी पडली आहे आणि हाताला थंड लागते. तो कप्पा सडू लागलेला असतो आणि गाईचा जीव धोक्यात असतो.
- दूध पिवळसर पाण्यासारखं आहे, गाय बसून राहिली आहे, कान थंड आहेत, डोळे आत गेले आहेत. हे विष अंगात पसरल्याचं लक्षण आहे.
- ताप १०५ च्या आसपास आहे, किंवा आजारी गाईचा ताप अचानक सामान्याच्याही खाली आला आहे.

दुसऱ्या खुणेबद्दल थोडं अधिक सांगायला हवं. व्यायलेली गाय बसली की गावात ‘कॅल्शिअम कमी पडलं’ असं म्हणून बाटली लावली जाते. दुग्धज्वर हा मुख्यतः जास्त दूध देणाऱ्या गाई-म्हशींचा आजार आहे. खिलारसारख्या कमी दुधाच्या गाईत तो क्वचित दिसतो. अशी गाय बसली तर आधी कासेला हात लावा आणि धार पाहा. शिरेतून चुकीच्या वेगाने गेलेलं कॅल्शिअम हृदय बंद पाडू शकतं, म्हणून ते डॉक्टरांशिवाय कुणाकडूनही देऊ नका.

वरून काहीच न दिसणारी, सुप्त दगडीही असते. वासराचं वजन वाढत नाही आणि कारण सापडत नाही, अशा वेळी पशुवैद्यकाकडून सीएमटी तपासणी करून घ्या. चार खाचांच्या ताटलीत प्रत्येक सडाचं दूध आणि तेवढंच द्रावण मिसळतात. दूध जेलीसारखं घट्ट झालं तर त्या सडात दाह आहे असं समजतात. विण्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात चिकामुळे ही तपासणी फसवते, तेव्हा घाई करू नका.

डॉक्टर येईपर्यंत

आजारी सड दर दोन-तीन तासांनी रिकामा करा. दूध साचलं की जंतू वाढतात, आणि घरच्या घरी करता येण्यासारखा सगळ्यात उपयोगी उपाय हाच आहे. निरोगी सड आधी, आजारी सड शेवटी, आणि नंतर हात साबणाने धुवा. काढलेलं दूध गोठ्यात जमिनीवर सोडू नका. फिनाईल घातलेल्या भांड्यात घ्या आणि लांब खड्ड्यात ओता. कास गरम व लाल असेल तर पहिल्या दिवशी गार पाण्याच्या पट्ट्या किंवा फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून काही वेळा लावा.

कोरफड, हळद आणि चुन्याच्या लेपाबद्दल बरेच जण विचारतात. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ त्याचा प्रसार करतं. कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम एकत्र वाटून पातळ लेप करायचा आणि कास धुऊन दिवसातून अनेक वेळा लावायचा. सूज सौम्य असेल तर जरूर लावा. वासराला सोडण्याआधी मात्र कास स्वच्छ धुवा, कारण चुना त्याच्या तोंडात जाता कामा नये. ताप असेल, गाय खात नसेल, तर नुसत्या लेपावर दोन दिवस घालवू नका.

काही गोष्टी कृपा करून करू नका. सडात काडी, सुई, मोराचं पीस किंवा तार घालू नका. सडाच्या तोंडाशी असलेला स्नायू एकदा फाटला की तो सड कायमचा गळका होतो आणि जंतूंना दार उघडं राहतं. कासेला डाग देऊ नका. सडात हवा भरू नका. वर दिसणारा डाग गाईच्या वेदनेत भर घालतो, आत बसलेल्या जंतूंना त्याने काहीच होत नाही.

वासराला पाजायचं का?

एक सड आजारी आणि तीन चांगले असतील तर वासराला गाईपासून तोडू नका. आजारी सड आधी हाताने रिकामा करा, मग वासराला समोर उभं राहून बाकीच्या तीन सडांना लावा. बहुतेक वासरं बिघडलेल्या सडाला आपण होऊन तोंड लावत नाहीत. पू, रक्त किंवा पाणी येणाऱ्या सडाचं दूध त्याला पिऊ देऊ नका, त्यातून हगवण लागते. वासरू मोठं असेल आणि आवरत नसेल तर त्याला बाजूला बांधून दिवसातून तीन-चार वेळा तुमच्या देखरेखीखालीच सोडा. गोठ्यात दुसरी वासरं असतील तर हे वासरू त्यांच्या आईला पिऊ नये याचीही काळजी घ्या. जंतू तोंडातून एका कासेतून दुसरीकडे जातात.

गाय पूर्ण आजारी असेल, दोन-तीन सड बंद असतील, तर दूध बाहेरून द्यावं लागेल. दुसऱ्या निरोगी गाईचं दूध, अंगाच्या उबेइतकं कोमट, पहिल्या महिन्यात वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं, दिवसातून तीन वेळा विभागून द्या. रबरी बोंडीच्या बाटलीने पाजा, डोकं किंचित वर असू द्या. जीभ धरून, मान मागे वाकवून घशात दूध ओतू नका. ते फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो आणि वासरू दोन-तीन दिवसांत जातं. नुकत्याच जन्मलेल्या वासरासाठी चीकच हवा. गावात दुसरी गाय नुकती व्यायली असेल तर तिचा चीक मागून आणा. शेजारधर्मात याला कुणी नाही म्हणत नाही.

औषध: सडातली ट्यूब की इंजेक्शन?

ट्यूब सडात सोडली आणि तासाभरात वासराने तोच सड चोखला, तर औषध कासेत राहतच नाही. ते वासराच्या पोटात जातं. म्हणून डॉक्टरांना पहिल्यांदाच सांगा की या गाईला वासरू पितं. ते अनेकदा इंजेक्शनचा मार्ग निवडतील. ट्यूबच द्यायची ठरली तर पुढच्या पाळीपर्यंत वासरू त्या सडापासून दूर कसं ठेवायचं, हे त्यांच्याशी बोलून ठरवा.

ट्यूब देताना सड पूर्ण रिकामा हवा, तोंड स्पिरिटच्या बोळ्याने पुसलेलं हवं, आणि टोक जेमतेम आत जाईल इतकंच घालायचं. एक ट्यूब एकाच सडाला. अर्धी या सडात, अर्धी त्या सडात, असं केलं तर जंतू स्वतःच्या हाताने पसरवले जातात. शेजाऱ्याकडची उरलेली ट्यूब वापरू नका. सूज उतरली म्हणून तिसऱ्या दिवशी औषध थांबवू नका, दिलेला क्रम पूर्ण करा. अर्धवट सोडलेली दगडी पुन्हा उठते आणि तेव्हा तेच औषध कमी लागू पडतं.

घरात चहाला दूध वापरत असाल तर औषधाच्या वेष्टनावर दूध किती दिवस वापरायचं नाही ते लिहिलेलं असतं. त्या औषधासाठी ठरावीक काळ दिलेला नसेल तर आपल्याकडचा नियम दुधासाठी किमान सात दिवसांचा आहे. उकळल्याने औषधाचे अंश जातातच असं नाही.

जखमा, फोड, गाठी

चरायला जाणाऱ्या गाईंत तारेच्या कुंपणाने आणि बाभळीच्या काट्याने सड फाटतात. वरवरची जखम पोटॅशिअम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने धुवा आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम वासरू पिऊन झाल्यावर लावा, पुढच्या वेळी सोडण्याआधी पुसून काढा. जखमेतून दूध झिरपत असेल तर ती सडाच्या नळीपर्यंत गेली आहे. तिला टाके लागतात, आणि ते त्याच दिवशी पडले तरच नीट भरतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुजलेल्या कडा शिवणं अवघड होतं.

वासराच्या दातांनी सडाला चिरा पडल्या तर आधी दूध कमी आहे का ते पाहा. उपाशी वासरूच सड चावतं. सडांवर बारीक फोड आले आणि सोबत तोंडात चट्टे, लाळ, लंगडणं असेल, तर लाळ्या खुरकूत समजा आणि वासराला त्या गाईचं दूध पाजू नका. हा आजार लहान वासराच्या हृदयावर जातो आणि वासरू अचानक मरतं. अंगावर आणि कासेवर घट्ट गाठी आल्या तर लम्पीची शंका घ्या. २०२२ च्या साथीत महाराष्ट्राने याची झळ सोसली आहे. या दोन्ही आजारांत गाय वेगळी बांधून सरकारी दवाखान्याला कळवा. लाळ्या खुरकूताची लस राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत मिळते, ती चुकवू नका.

कासेवरचे गोचीड हाताने काढा. गोचिडाचं औषध सडांवर फासू नका, वासरू ते चाटतं. डांगी पट्ट्यातल्या पावसात गोठा कोरडा ठेवणं किती कठीण आहे याची कल्पना आहे, तरी गाय बसते तेवढी जागा उंच करून तिथे राख किंवा चुना पसरला तरी कास बरीच वाचते.

वासरू मेलं किंवा तोडलं तर

वासरू अचानक गेलं की भरलेल्या कासेचं काय करायचं हे सुचत नाही. मायेपोटी अनेक जण रोज कास पूर्ण पिळतात, त्यामुळे दूध येतच राहतं. गाय आटवायची असेल तर खुराक आणि हिरवा चारा काही दिवस कमी करा, कडब्यावर ठेवा, पाणी मात्र कमी करू नका. कासेत ताण राहिला तरच दूध बनणं थांबतं. फारच ताठरली आणि गाय अस्वस्थ झाली तर थोडं हलकं करा, पूर्ण रिकामी करू नका. मात्र रोज हात लावून गरमपणा पाहा आणि कठड्या दिसल्या तर लगेच डॉक्टरांकडे जा. आधीच्या वेतात दगडी झालेली असेल तर आटवताना सडात सोडायच्या खास औषधाबद्दल विचारा. दुसरं एखादं पोरकं वासरू मिळालं आणि गायीने घेतलं तर सगळ्यात चांगलं.

गाभण गाईला आधीचं मोठं वासरू पीत राहतं, हेही बऱ्याच गोठ्यांत चालतं. विण्याच्या दोन महिने आधी त्याला तोडा. कासेला विश्रांती मिळायला हवी, आणि शेवटच्या आठवड्यांत तयार होणारा चीक येणाऱ्या वासराचा आहे.

तुमचा हक्क

१९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते. फोन करताना गाय कधी व्यायली, ताप किती, कोणता सड, दूध कसं दिसतं आणि कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक तयार ठेवा.

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार उपचाराचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा आहे. पदविकाधारक प्रथमोपचार आणि किरकोळ सेवा देऊ शकतात, पण पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. येणाऱ्या व्यक्तीला नोंदणी विचारणं, औषधाचं नाव कागदावर मागणं यात संकोचण्यासारखं काही नाही. तो कागद जपून ठेवा. पशुविमा असेल तर दाव्याला लागतो. साधारण पॉलिसी मृत्यूची भरपाई देते, एक सड गेल्याची देत नाही. कायमच्या अपंगत्वाचं कलम तुमच्या पॉलिसीत आहे का ते वाचून घ्या.

दुखण्यासाठी डायक्लोफिनॅक देऊ लागले तर नकार द्या. गिधाडं मरत असल्याने २००६ पासून जनावरांसाठी त्यावर बंदी आहे, किटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅकवर २०२३ पासून. मेलॉक्सिकॅम हा योग्य पर्याय आहे. पान्हा सोडण्यासाठी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन सर्रास टोचणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम १२ खाली गुन्हा ठरू शकतो. डॉक्टरांनी उपचार म्हणून दिलं तर गोष्ट वेगळी.

गाय ठेवायची का?

परदेशात मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या कळपात बिघडलेल्या कासेच्या गाईला एका हंगामात बाजूला काढतात. महाराष्ट्रात १९७६ चा प्राणी रक्षण अधिनियम आणि त्यातली २०१५ ची सुधारणा यांमुळे तो मार्ग नाही, आणि बहुतेक वाचकांच्या मनातही तो येत नाही. तेव्हा प्रश्न उरतो तो पुढच्या वेतांचा.

एक सड गेलेली गाय उरलेल्या तीन सडांवर वासरू चांगलं वाढवू शकते. वासराची वाढ बरोबरीच्या वासरांसारखी असेल तर ती निःशंक ठेवा. दोन सड गेले असतील तर प्रत्येक वेताला बाहेरून दूध देण्याची तयारी हवी. तेवढं जमणार नसेल तर तिला पुन्हा गाभण करू नका. दर वेताला दगडी उठणारी गाय, आणि सड बाटलीसारखे व कास लोंबती असलेली गाय, यांच्या कालवडी पैदाशीसाठी राखू नका, कारण कासेची ठेवण आईकडून आणि बापाकडूनही येते. वळू निवडताना आपल्याकडे शिंगं, रंग, चाल, खूर बारकाईने पाहिले जातात. बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्यापासून तर जास्तच. त्या वळूच्या आईची कासही पाहायला मागा. ती पाहायला मिळत नसेल तर दुसरा वळू बघा.

आणि अशी गाय विकायची वेळ आली, तर कोणता सड बंद आहे ते घेणाऱ्याला सौद्याआधी सांगा. तिचं पुढचं वासरू त्याच्या दावणीला जन्मणार आहे आणि पहिल्या दोन तासांत कुठल्या सडाला लावायचं हे त्याला माहीत असायला हवं.